तलावाकाठची शिरगणती

जून संपत आलाय. रविवार आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांत मुलांच्या उन्हाळी कॅम्पला निघालेल्या गाड्या हमरस्ता सोडून खडीच्या वाटेला लागतात आणि तिथेच थबकतात. पुढे गाड्या, मागे गाड्या. नंबरप्लेटा न्यू जर्सीच्या, न्यूयॉर्कच्या, एखादी मेरिलँडची. काचा खाली होतात. दमट, गरम हवा आत घुसते. तिच्यात फर्नचा आणि ओल्या मातीचा वास आहे. अजून बारा वाजायचेत आणि पारा ३२ अंशांवर गेलाय. इथले लोक त्याला नव्वद म्हणतात.

रांगेत एक निळी व्हॅन आहे. सकाळी आठला न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालेली. मागच्या सीटवर दहा वर्षांची मुलगी. शेजारी पुण्याहून उन्हाळ्यापुरती आलेली आजी. दोघींच्या मध्ये स्टीलचा डबा, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. मुलगी पहिल्यांदाच दोन आठवडे घराबाहेर राहणार आहे. आजी पुन्हा विचारते, "अगं, रात्री हिच्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर कोण बघणार?" पुढून आई म्हणते, "आई, प्रत्येक खोलीत ताया असतात हो, काउन्सेलर." आजीचं समाधान होत नाही. रांग एका गाडीएवढी पुढे सरकते.

लाल टी-शर्टातला मुलगा क्लिपबोर्ड घेऊन खिडकीशी वाकतो. वय फार तर एकोणीस. तो आधी नाव विचारत नाही. आधी विचारतो : गेल्या २४ तासांत ताप? उलटी? जुलाब? घरात कुणी आजारी? उत्तरं मिळाली की मग नाव, मग टिक. दोन गाड्या पुढे एका मुलाला पहाटे उलटी झालेली आहे. ती गाडी रांगेतून काढून मेपलच्या झाडाखाली उभी करतात. नर्स तिच्याकडे चालत जाते. मुलगा रडवेला झालाय. आज तो आत जाणार नाही. पूर्ण बरा झाला, वर दिवसभर काही त्रास झाला नाही, की यायचं. वडील वाद घालत नाहीत. एका केबिनमध्ये दहा-बारा मुलं झोपतात, आणि पोटाचा संसर्ग शिरला की दोन दिवसांत सगळी केबिन आडवी होते.

पुढे पत्र्याचं छप्पर असलेला मांडव. चार टेबलं, चार रांगा. पंखे फिरतायत, पण वारा फक्त पहिल्या टेबलापर्यंत पोचतो. तिथे हेल्थ फॉर्म बघतात. डॉक्टरची सही, शेवटच्या तपासणीची तारीख, ॲलर्जी, लशींचा तक्ता. टेबलामागची बाई बोट ठेवून एकेक ओळ वाचते. गोवराच्या लशीपाशी तिचं बोट थांबतं. दोन डोस हवेत, दोन तारखा हव्यात. अमेरिकेने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये या देशात गोवराचे दोन हजारांहून जास्त रुग्ण सापडले, १९९२ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. म्हणून बोट थांबतं.

कागदाची ही रांग इथे जुनीच आहे. १९१६च्या उन्हाळ्यात पोलिओच्या साथीने अमेरिकेत २७ हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, सुमारे सहा हजार दगावली. तेव्हा न्यूयॉर्क शहराबाहेर पडायला लहान मुलांना आरोग्याचा दाखला लागत होता. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं उन्हाळा आला की पोहण्याच्या जागा ओस पडायच्या. १२ एप्रिल १९५५ रोजी लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली आणि ती भीती ओसरू लागली. आता मांडवातली मुलं कंटाळून एकमेकांच्या पायांवर पाय देतायत. त्यांना पोलिओ हा शब्दही माहीत नाही. असंच असायला हवं.

दुसऱ्या टेबलावर केस बघतात. आजीने सकाळीच तेल लावून घट्ट वेणी घातलीय. हातमोजे घातलेली तरुणी मुलीची परवानगी विचारते, वेणी सैल करते, लाकडी काडीने भांग पाडत कानामागे, मानेवर बघते. उवा नाहीत. काडी कचऱ्यात, पुढच्या डोक्याला नवी काडी. आजीचा चेहरा जरा पडतो. ती लगेच पुढे होऊन वेणी पुन्हा घालू लागते.

सर्वांत लांब रांग औषधांची. प्रत्येकाच्या हातात पारदर्शक पिशवी. नियम एकच : औषध मूळ बाटलीत हवं, बाटलीवर मुलाचं नाव आणि प्रमाण हवं, सोबत डॉक्टरची सही. निळ्या व्हॅनमधली आई पिशवी रिकामी करते. इन्हेलर. भारतातून आणलेली तापाच्या गोळ्यांची पट्टी. होमिओपॅथीच्या साबुदाणी गोळ्यांची बाटली, तिच्यावर नुसता एक आकडा. कागदाच्या पुडीत चूर्ण. नर्स पुडीचा वास घेते, हसते आणि पुडी परत करते. पट्टी परत, बाटलीही परत. ती शांतपणे सांगते, "यात काय आहे आणि किती आहे हे मला वाचता येत नाही, तर मी ते तुमच्या मुलीला कसं देऊ?" राहतो फक्त इन्हेलर. त्याच्या पाठीवरच्या खिडकीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. नर्स तो लिहून घेते, मुदत बघते, स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची नळी, आहे ना विचारते. मग मुलीलाच म्हणते, "मला करून दाखव." मुलगी इन्हेलर हलवते, श्वास सोडते, ओढते, दहापर्यंत मोजते. नर्स मान डोलावते. दोन सह्या होतात, एक आईची, एक तिची.

आता नजर स्टीलच्या डब्यावर जाते. खाऊ केबिनमध्ये न्यायचा नाही. कारणं दोन. हिच्याच केबिनमध्ये शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलगी आहे. आणि या जंगलात काळी अस्वलं आहेत, त्यांना गुळाचा वास लांबून कळतो. अमेरिकेत साधारण तेरा मुलांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी आहे, म्हणजे प्रत्येक केबिनमध्ये जवळजवळ एक. मुलीने गाडीत लाडू खाल्लाय. तिला साबणाने हात धुवायला पाठवतात. सॅनिटायझर पुरत नाही; शेंगदाण्याचा अंश त्याने निघत नाही, साबण-पाण्याने निघतो. आजी डबा घेऊन गाडीकडे वळते. जाता जाता सुनेला म्हणते, "बरं केलं सांगितलंन. त्या पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

चढावर केबिना आहेत. लाकडी, हिरव्या, खिडक्यांना जाळ्या. आत सहा बंक, वरच्या पलंगांना कठडे. डिटर्जंटचा आणि जुन्या लाकडाचा वास. दारामागे नकाशा : बाहेर पडायच्या दोन वाटा, जमायची एक जागा. फळीवर बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ. खाली झाडीतून ओढ्याचा आवाज येतोय. एक वडील दारात उभे राहून तो ऐकतात आणि विचारतात, "पाणी कुठपर्यंत चढतं?" आता हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. ४ जुलै २०२५च्या पहाटे टेक्ससमध्ये ग्वादालूप नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. काठावरच्या मुलींच्या एका कॅम्पमध्ये २७ मुली आणि काउन्सेलर दगावल्या. त्याच वर्षी टेक्ससने कायदा करून पूरक्षेत्रात मुलांच्या केबिनांना मनाई केली आणि आपत्कालीन योजना सक्तीची केली. इथली काउन्सेलर वडिलांना उत्तर तोंडी देत नाही. बाहेर नेते, हाताने दाखवते. ओढा तिथे, केबिन इथे, आणि रात्री रेडिओ वाजला तर ती वरच्या हॉलची वाट. चला, चालून बघू. वडील खरोखरच चालून बघतात.

केबिनमध्ये दोन काउन्सेलर आहेत, आणि दोघींवर एक बंधन आहे. कुठलाही मोठा माणूस बंद दाराआड एका मुलासोबत एकटा राहत नाही. बोलायचं असेल तर व्हरांड्यात, इतरांना दिसेल असं. मुलींनाही पहिल्याच दिवशी सांगतात : कुणी मोठ्याने 'हे गुपित ठेव' म्हटलं तर ते ठेवायचं नाही. सांगायला माणसं कोण, त्यांची नावं भिंतीवर आहेत. हे बोलताना कुणी आवाज खाली घेत नाही. दात घासण्याचा नियम सांगावा तितक्या सरळपणे सांगतात.

निरोप आटोपशीर ठेवायचा असतो. इथे फोन नाहीत, पत्रं आहेत. आईच्या ओठांवर आलेलं असतं, 'नाही करमलं तर न्यायला येते.' ते ती गिळते. तसं वचन दिलं की मूल पहिल्या रात्रीपासून त्याचीच वाट बघतं. ती एवढंच म्हणते, "पत्र लिही. मीही लिहीन." आजी डोक्यावरून हात फिरवते. मुलगी म्हणते, "आजी, मी ठीक आहे ना." आवाज किंचित हलतो. खडी पुन्हा करकरू लागते. गाड्या उतरू लागतात.

डायनिंग हॉलच्या दाराशी नळांची रांग. वीस सेकंद साबण, मगच आत. आत दोनशे मुलांचा कल्ला, ट्रे आदळण्याचे आवाज, चीजचा वास. ॲलर्जीवाल्या मुलांसाठी वेगळी खिडकी, वेगळ्या रंगाची ताटं, वेगळे डाव. भिंतीवर तक्ता आहे : दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोयाबीन आणि तीळ. तिळाचं नाव शेवटी. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनावर तीळ स्पष्टपणे नोंदवणं सक्तीचं आहे. तक्त्याशेजारी तीव्र ॲलर्जीवरच्या एपिनेफ्रिनच्या इंजेक्शन-पेनांची पेटी. तिला कुलूप नाही. आपत्तीत किल्ली शोधायला वेळ नसतो. स्वयंपाकघरातल्या भांडी घासणाऱ्या मुलालाही माहीत आहे : मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, आणि लगेच ९११ला फोन. इस्पितळ डोंगराखाली आहे. रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून पहिली मिनिटं इथल्याच माणसांची.

दुपारी ऊन तिरपं होऊन अंगावर येतं. पायवाटेवर काउन्सेलर सनस्क्रीनची बाटली फिरवतात. मुलं आपली आपण लावतात, पाठीपुरती मैत्रीण. दोन तासांनी पुन्हा. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि खेळाच्या मैदानाकडे वळताना काउन्सेलर प्रत्येक बाटली उचलून बघते. भरलेली बाटली परत आली तर तिला काळजी वाटते.

मग झाडी संपते आणि तलाव दिसतो.

पाणी काळसर आहे, थंड आहे. तरंगत्या दोरांनी त्याचे तीन भाग केलेत. लाकडी धक्क्यावर लाइफगार्ड उभे आहेत, बसलेलं कुणी नाही. डोकी संथपणे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काठावर मोठी पाटी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला नावाचा बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला 'आत' करायचा, बाहेर आलं की 'बाहेर'. पण त्याआधी परीक्षा. एकेक मूल दोराच्या कडेने पोहत जातं, शेजारून धक्क्यावर लांब बांबू घेतलेली लाइफगार्ड चालत असते. एडिसनच्या मुलीची पाळी येते. ती पूलमध्ये चांगली पोहते. इथे तळ दिसत नाही. अर्ध्यात तिचा श्वास चढतो आणि ती बांबू धरते. तिला लाल बिल्ला मिळतो, कमरेइतक्या पाण्याचा. तिचे डोळे भरतात. लाइफगार्ड गुडघ्यावर बसून सांगते, "थांबलीस हे बरोबर केलंस. उद्या पुन्हा."

पाण्यात एकटं कुणी नाही. प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार, आहे. दर दहा मिनिटांनी शिट्टी होते. सगळा आरडाओरडा तुटतो. जोड्या हात धरून वर करतात. एक, दोन, तीन. धक्क्यावरून आकडे ओरडले जातात. बेरीज पाटीशी ताडून बघतात. जुळली की दुसरी शिट्टी, आणि पाणी पुन्हा उसळतं.

वेळ संपते. सगळे बाहेर. ओले पाय, टॉवेल, गोंगाट. पाटीवर एक बिल्ला मात्र अजून 'आत' आहे.

कुणी 'असेल इथेच कुठे' म्हणत नाही. लांब, सलग शिट्टी. मुलं जिथे आहेत तिथे खाली बसतात. एक काउन्सेलर केबिनांकडे धावते, एक स्वच्छतागृहाकडे. त्यांची वाट न बघता सात-आठ जण उथळ पाण्यात उतरतात, हातात हात गुंफून रांग धरतात, पायांनी तळ चाचपत पुढे सरकतात. लाइफगार्ड खोल भागात बुडी मारतात. डोकी वर येतात, श्वास घेतात, पुन्हा खाली. काठावर कुणी बोलत नाही. पाच ते चौदा वयाच्या मुलांच्या अपघाती मृत्यूंत इथे वाहनांच्या अपघातांनंतर बुडण्याचाच क्रमांक लागतो. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो. म्हणून इथे कानावर भरवसा नाही, मोजणीवर आहे.

मग स्वच्छतागृहाकडून हाक येते. मुलगा सापडलाय. आठ वर्षांचा, अंगाला टॉवेल गुंडाळलेला. बिल्ला फिरवायला विसरला. दोन मिनिटंही झालेली नसतात, पण धक्क्यावरच्या मुख्य लाइफगार्डचे हात थरथरतायत. ती मुलाजवळ जाते, त्याला ओरडत नाही. त्याला पाटीपाशी नेते. तो स्वतःच्या हाताने बिल्ला फिरवतो. ती वहीत वेळ लिहिते.

पश्चिमेकडून गडगडाट येतो. अजून आभाळ अर्धं निळं आहे. शिट्टी. तलाव बंद, मैदान बंद. झाडाखाली थांबायचं नाही, वायरिंग आणि नळ नसलेल्या छपराखालीही नाही. सगळे पक्क्या हॉलमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं असतं. बाविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडतं. घड्याळ पुन्हा शून्यावर. मुलं कुरकुरतात. पाऊस पत्र्यावर आदळतो. कुणीतरी पत्ते काढतं. कुणीतरी खिडकीला नाक लावून बसतं. तास जातो, सव्वा तास जातो. हॉलमध्ये ओल्या टॉवेलांचा वास भरतो. काउन्सेलर पुन्हा डोकी मोजतात. मुलं आता मोजणी सुरू झाली की आपोआप स्थिर बसतात.

संध्याकाळी दवाखान्यापुढे रांग लागते. खरचटलेला गुडघा. टाचेचा फोड. खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीच्या वेलीला हात लावून आलेला मुलगा. त्याला आधी साबण, मग प्रश्न. औषधांच्या वेळा फळ्यावर. नर्स प्रत्येकाला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारते, ओळखीच्या मुलालाही. आत दोन पलंगांची वेगळी खोली, खिडक्या उघड्या. ती करोनाने शिकवलेली. २०२० मध्ये जॉर्जियातल्या एका निवासी कॅम्पात मुलं गाणी गात होती, घोषणा देत होती, मुलांना मास्क नव्हते, इमारतींच्या खिडक्या बंद होत्या. ३४४ जणांच्या चाचण्यांचे निकाल मिळाले, त्यांत २६० बाधित. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या चार कॅम्पांत १,०२२ जण होते. तिथे चाचण्या झाल्या, मुलांचे छोटे गट केले, मास्क वापरले. तीन बाधित सापडले, वेगळे ठेवले गेले, आणि संसर्ग तिथेच थांबला.

झोपायच्या आधी गोचिडीची तपासणी. या दिवसांत हरणांवरच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आणि तिच्या चाव्याने होणाऱ्या लाइम आजाराचे सर्वाधिक रुग्ण सापडणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया वरच्या ओळीत आहे. मुली आरशापुढे उभ्या राहून आपलं आपण बघतात. कानामागे, काखेत, बेंबीत, कमरपट्टीखाली, गुडघ्यामागे. काउन्सेलर यादी वाचते, हात लावत नाही. एका घोट्यावर एक सापडते. नर्स बारीक चिमट्याने कातडीला टेकून धरते आणि सरळ वर ओढते. तेल नाही, काडी पेटवणं नाही. चोवीस तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फारच कमी. तारीख वहीत जाते.

दहा वाजता काउन्सेलरांची बैठक. प्रत्येक केबिनमध्ये एक जण जागा आहे, बाकीचे इथे. एकोणीस-वीस वर्षांची मुलं-मुली, डोळे लाल, पायांत मातीचे बूट. इथला सगळा बंदोबस्त शेवटी यांच्याच लक्षावर चालतो, म्हणून डायरेक्टर आधी विचारतात : आज कोण जेवलं नाही तुमच्यातलं? दोन हात वर होतात. सँडविच येतात. उद्या सुट्टी कुणाची, हे वाचून दाखवतात. थकलेल्याला धक्क्यावर उभं करायचं नाही.

मग केबिनवार चौकशी. कोण रडलं, कोण एकटं बसलं, कुणाची चादर ओली झाली आणि ती कुणाला न कळता कशी बदलली. एडिसनच्या मुलीची काउन्सेलर सांगते : जेवली, पत्र लिहिलं, अर्धं मराठीत, पांघरूण दोनदा नीट केलं. पुढच्या केबिनचा काउन्सेलर वही उघडतो. त्याच्याकडे नऊ वर्षांचा एक जण आहे, दिवसभर पाणीच पीत नाही. बाटली भरलेली परत येते. विचारून विचारून शेवटी कारण कळलंय : रात्री शौचालयाला जावं लागेल, आणि वाटेवर अंधार आहे.

खोली क्षणभर थांबते. या उन्हात पाणी न पिणारं मूल परवा दवाखान्यात येईल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डायरेक्टर विचारतात, "त्या वाटेवर दिवा होता ना?" होता, गेलाय. देखभाल करणारा माणूस उठतो, शिडी आणि नवा बल्ब घेऊन आत्ताच निघतो. मुलाचा पलंग दाराजवळ घ्यायचा, टॉर्च द्यायचा, सोबतीला बडी. काउन्सेलर लिहून घेतो. डायरेक्टर पान उलटतात. अजून सात केबिना बाकी आहेत.